तुफान पथकाची शेवटची सहा मिनिटं

पद्मजा सातपुतेचा आयुष्यात दोनच गोष्टींवर डोळे मिटून विश्वास होता. एक म्हणजे पाणी उताराकडेच जातं, आणि दुसरी म्हणजे ‘तुफान पथक’ या मालिकेच्या शेवटच्या भागात धरणाचा दरवाजा शलाकाने उघडला. पहिली गोष्ट तिने पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून पडताळून पाहिली होती. दुसरी पडताळायची तिला कधी गरजच वाटली नाही, कारण ती तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

मालिका १९८७ सालची. रविवारी सकाळी साडेनऊला लागायची आणि दहाला संपायची. मेजर सरंजामे, त्याचं पाच जणांचं पथक, टप नसलेली एक जीप आणि दर आठवड्याला नवं संकट. कधी कोणी पूल उडवायला निघालेला असायचा, कधी कोणी विहिरीत विष कालवायला, आणि सगळ्यांच्या मागे काळा चष्मा लावलेला कालकेतू. पथकात बाई एकच, शलाका. ती बिनतारी संदेशयंत्र घेऊन जीपजवळ उभी असायची. तिच्या वाट्याला दर भागात साधारण एकच वाक्य यायचं, “मेजर, संदेश आलाय!” तरीही इचलकरंजीतल्या तमाम नऊ वर्षांच्या पोरी कानाला साबणाची डबी लावून तेच वाक्य दिवसभर ओरडत फिरायच्या. त्यांत पद्मजाचा गळा सगळ्यात मोठा होता.

शेवटच्या भागात कालकेतू धरणाचा दरवाजा बंद पाडतो. मेजर खांबाला जखडलेला, पाणी चढत चाललेलं. मग शलाका संदेशयंत्र खाली ठेवते, बाह्या सारते आणि भिंतीच्या लोखंडी शिडीवरून बावीस पायऱ्या मोजत खाली उतरते. दरवाजाचं चाक अडकलेलं असतं. ती त्याच्याशी झोंबत नाही. आधी उलटा अर्धा फेरा देते, मग सुलटा. चाक सुटतं, दरवाजा उघडतो.

हे पाहून पद्मजाने ठरवलं की आपण मोठेपणी हेच करायचं. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर विणकर, आई त्याच मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची. अशा दोन खोल्यांच्या घरातून ती इंजिनियर झाली आणि हट्टाने धरणांच्या दरवाजांच्या विभागात गेली. आठ वर्षांपूर्वी वाळवंड धरणावर ऐन पुरात मोटर जळाली आणि हाताने फिरवायचं चाक चार तगड्या गड्यांना जागचं हलेना, तेव्हा तिने चौघांना बाजूला केलं आणि म्हणाली, “आधी उलटा अर्धा फेरा.” चाक सुटलं. खालची अकरा गावं वाचली. पुढे शाळाशाळांतून भाषणं झाली, तिथे ती सांगायची, “मला हे माझ्या कॉलेजने शिकवलं नाही. एका मालिकेने शिकवलं.” मुलं खो खो हसायची. ती मात्र अजिबात हसायची नाही.

मालिका पुन्हा कधी दाखवली गेली नाही. निर्मात्याच्या गोदामात ओल शिरली, टेपांना बुरशी लागली आणि सगळे सव्वीस भाग मातीमोल झाले. मागे उरलं ते शीर्षकसंगीत आणि पथकाचं एक छायाचित्र. मग २०३६ च्या जानेवारीत, निवृत्तीला सहा महिने उरलेले असताना, पद्मजाने बातमी वाचली की पुण्यातली एक प्रयोगशाळा ‘तुफान पथक’ परत मिळवते आहे, प्रेक्षकांच्या डोक्यातून! त्याच दिवशी तिने नाव नोंदवलं.

प्रयोगशाळा डॉ. समीना अत्तारची. मूळची मिरजेची, वय चौतीस. मालिका संपल्यावर पंधरा वर्षांनी जन्मलेली. तिने पद्मजाच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखं एक जड यंत्र बसवता बसवता सगळं नीट समजावून सांगितलं.

“तुम्ही एखादं दृश्य आठवता ना मॅडम, तेव्हा मेंदूचा पाहण्याचं काम करणारा भाग पुन्हा जागा होतो. खरंच समोर काही चाललंय असं समजून. ती हालचाल आम्ही टिपतो आणि तिचं चित्र करतो. आवाजाचंही तसंच.”

“माझ्या एकटीच्या डोक्यातून अख्खी मालिका निघेल?”

“छे. एकाच्या डोक्यातून निघतं ते नुसतं धुकं. आणि त्यात भेसळ. माणूस आठवणीला तिखटमीठ लावतोच. पण समजा, जत्रेतली कुस्ती हजार जणांनी पाहिली. तिखटमीठ ज्याचं त्याचं वेगळं, कुस्ती मात्र एकच. हजार आठवणी एकावर एक ठेवल्या की तिखटमीठ गळून पडतं आणि कुस्ती उरते.”

पद्मजाला हे पटलं. मोजमापातल्या चुका काढायला तीही हेच करायची, शंभर वेळा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. समीनाने आणखी एक नियम सांगितला. एखादं दृश्य निदान चाळीस वेगवेगळ्या घरांतल्या माणसांना आठवलं, तरच ते खरं धरायचं. एका घरातली माणसं कितीही असली तरी मत एकच, कारण ती आपापसांत बोलून आठवणी एकसारख्या करून ठेवतात.

मग शीर्षकसंगीत सुरू झालं आणि पद्मजाच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती डोळे मिटून दोन तास पडून राहिली. जीप, पूल, विहीर, काळा चष्मा सगळं ओळीने आलं. शेवटी शलाका शिडी उतरली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या या वरिष्ठ अधिकारी बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. उठताना तिने समीनाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “पोरी, तू काय करते आहेस ते तुला ठाऊक नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू परत देते आहेस.”

तीन आठवड्यांनी समीनाचा फोन आला. आवाज पडलेला.

“मॅडम, पंचवीस भाग झकास जुळले. सव्विसाव्यातही तुमचं सगळं जुळतं, शेवटची सहा मिनिटं सोडून.”

“सोडून म्हणजे?”

“शिडी, चाक, तो उलटा फेरा. हे राज्यात दुसऱ्या कोणालाच आठवत नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी प्रसारण आहे. तुमचं दृश्य वगळावं लागेल.”

पद्मजा खुर्चीतून उठलीच. “वगळावं लागेल? अहो डॉक्टर, त्या दृश्यावर मी आयुष्य काढलंय! तुमचं यंत्र तपासा.”

“यंत्र ठीक आहे मॅडम.”

“मग राज्य तपासा!” असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या दिवशी ती जेवली नाही. राग आला होता हे खरं, पण रागाच्या खाली भीती होती. आपण वर्षानुवर्षं हजारो मुलांसमोर उभं राहून काहीतरी भलतंच सांगत आलो की काय? ज्या दगडावर पाय ठेवून वर आलो तो दगडच तिथे नव्हता, असं कसं होईल? चाक तर खरोखर सुटलं होतं. अकरा गावं खरोखर वाचली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने साक्षीदार गोळा करायचा सपाटा लावला. धाकट्या भावाला, भूषणला, फोन केला. त्याला शलाका, शिडी, उलटा फेरा, सगळं लख्ख आठवत होतं. पण भाऊ म्हणजे एकाच घरातला, त्याचं मत धरणार नाहीत. मग शाळेचा जुना गट, त्यांचे मित्र, मित्रांच्या बहिणी. एक जण जर्मनीत होता, एक कोल्हापुरात फौजदार, एकीचं गडहिंग्लजला औषधाचं दुकान. सगळ्यांना आठवत होतं. “शलाकाच की! दुसरं कोण?” फौजदार म्हणाला. “सांगलीची माझी मामेभावंडं काहीतरी वेगळंच सांगायची, पण सांगलीकरांचं कुठं मनावर घ्यायचं?”

पद्मजाने एकसष्ट जणांना पुण्याला पाठवलं. एकसष्ट जण, एकसष्ट घरं. चाळीसची अट केव्हाच पार झाली. आता दृश्य वगळून दाखवा म्हणावं, असं मनाशी म्हणत ती मार्चच्या मध्यावर स्वतःच प्रयोगशाळेत जाऊन थडकली. पण करायला गेली गणपती आणि झाला मारुती, असं तिचं होणार होतं.

समीनाने तिला चहा दिला, साखर विचारली आणि मगच पडदा लावला.

“मॅडम, तुम्ही पाठवलेले एकसष्टही खरं बोलतात. एकालाही खोटं पाडता येत नाही. त्यामुळे यंत्राने दोन शेवट काढून दिलेत. आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं, म्हणून मी खोलात गेले. आधी हा नकाशा बघा.”

नकाशात मालिकेचा एक शेवट आठवणाऱ्यांचे निळे ठिपके राज्यभर पसरले होते. दुसरा शेवट आठवणाऱ्यांचे ठिपके लाल होते. ते सगळे इचलकरंजीत होते, एकमेकांवर चढून बसलेले.

“त्या रविवारी तुमच्या गावात काही झालं होतं का?”

पद्मजा उत्तर देणार तोच समीना म्हणाली, “थांबा, आधी हेही बघा. ही तुमचीच आठवण आहे.”

पडद्यावर पद्मजाच्या डोक्यातलं धुकं हलू लागलं. जीप आली, धरण आलं, खांबाला जखडलेला मेजर आला. चित्र काळं-पांढरं होतं, कडेला किंचित फुगीर, जुन्या टीव्हीच्या काचेसारखं. मधूनच त्यावर आडव्या रेघा धावत होत्या. पाणी चढू लागलं, आणि एकदम सगळं काळं झालं. मग शलाका दिसली, बाह्या सारताना. तिची वर्दी खाकी होती. शिडी गंजून तांबूस झाली होती. पाणी हिरवं होतं.

पद्मजा पाहतच राहिली.

“तुमच्याकडे रंगीत टीव्ही होता?” समीनाने हळूच विचारलं.

“आमच्याकडे टीव्हीच नव्हता. गल्लीतल्या तारळेकरांकडे होता. काळा-पांढरा. सरकत्या दाराचा.”

“मग शेवटची सहा मिनिटं रंगीत कशी? त्यांना काचेची कडही नाही, रेघाही नाहीत. एकसष्ट जणांचं तसंच आहे, आणि प्रत्येकाच्या आठवणीत शलाकाच्या वर्दीचा रंग वेगळा. मॅडम, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट डोक्यात पडद्यासकट साठते. ऐकलेल्या गोष्टीला पडदा नसतो. तिला रंग आपण देतो. हे तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्हाला हे कोणीतरी सांगितलंय.”

 पद्मजाला आठवलं, किंवा आठवल्यासारखं झालं. मागांचा खडखडाट एकाएकी थांबला होता. इचलकरंजीत वीज गेली की आधी ते कानांना कळायचं, डोळ्यांना मागाहून. त्या सकाळी सगळ्या गावाची वीज गेली होती. म्हणजे सोमवारी शाळेत कोणाकडेच खरा शेवट नव्हता. आणि तारळेकरांकडे बसलेल्या पोरांकडे एक शेवट होता, तोच गावभर झाला.

“खरा शेवट काय आहे?” तिने विचारलं.

समीनाने निळ्या ठिपक्यांचा शेवट लावला. मेजर दोर तोडतो. धावत दरवाजाजवळ येतो, पिस्तूल काढतो आणि दरवाजावर गोळी झाडतो. दरवाजा आपोआप उघडतो. शलाका मेजरच्या हाताला पट्टी बांधते आणि म्हणते, “मेजर, संदेश आलाय.”

“गोळी?” पद्मजाच्या तोंडून निघालं. तिच्यातली इंजिनियर बाकी कशाआधी दुखावली गेली. “चाळीस टनी दरवाजा गोळीने उघडला? कोणत्या गाढवाने लिहिलंय हे?”

“मलाही तोच प्रश्न पडला, उलट बाजूने,” समीना म्हणाली. “अशा मालिकेत तो उलटा अर्धा फेरा लिहील कोण? हे ज्याने यंत्राला हात लावलाय त्यालाच सुचतं. म्हणून मी तुमच्यापैकी जे एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर बसले होते, त्या अकरा जणांचे आवाज एकावर एक ठेवले. ऐकायचेत?”

तिने कळ दाबली. आधी नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज, दबका, कोणी ओरडेल अशा धास्तीतला आणि तरी रंगात आलेला. ‘पहिली पायरी.’ टच. ‘दुसरी पायरी.’ टच. आवाज शेंगा फोडण्याचा होता. बाई शेंगा फोडत होती आणि दर शेंगेला शलाका एक पायरी खाली उतरत होती. ‘चाक अडकलंय. जोर करायचा न्हाई. अडकलेल्याला आधी मागं घ्यायचं, अर्धा फेरा, मंग फुडं.’

पद्मजाने तोंडावर हात धरला.

इंदूकाकू. तारळेकरांची धाकटी सून. तेव्हा चोवीस-पंचवीसची असेल. पद्मजाला तिचं एवढंच आठवत होतं की ती पोरांना पायताणं ओळीत लावायला सांगायची आणि मालिका चालू असताना स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची, हातात काहीतरी काम घेऊन. सासूसमोर सुनेने बसायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. सव्वीस भाग त्या बाईने उभ्याने पाहिले होते. गेली एकोणपन्नास वर्षं पद्मजा एका मालिकेचे आभार मानत होती आणि ज्या माणसाचे मानायचे त्याचं नावही तिच्या ओठावर कधी आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ इतका आनंद झाला की तिला हसावं की रडावं कळेना. दगड तिथे होता. तो कोणी ठेवला ते तिला माहीत नव्हतं, एवढंच.

समीना अवघडून म्हणाली, “मॅडम, प्रसारणाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे मी शब्द टाकू शकते. एकसष्ट घरं आहेत, नियमात बसतं. तुमचा शेवटही दाखवता येईल, इचलकरंजीचा पाठभेद म्हणून.”

“नको,” पद्मजा म्हणाली. “काढून टाका.”

“काय?”

“काढ म्हणते मी. ते त्यांचं नाहीच. ज्यांनी दरवाजावर गोळी झाडली, त्यांच्या पदरात मी काकूंचं काम घालू? त्यांची गोळी त्यांना लखलाभ.” तिने डोळे पुसले, पर्स उचलली आणि दारातून परत वळली. “समीना, तुझे मात्र उपकार झाले माझ्यावर. मी तुला राज्य तपासायला सांगितलं होतं, तू खरंच तपासलंस.”

इचलकरंजीत तारळेकरांच्या मागांच्या जागी आता फरशीचं दुकान होतं. वरच्या दोन खोल्यांत इंदूकाकू एकट्या राहत होत्या. सासू, सासरे, नवरा सगळे गेले, मुलगा सुरतेला. पद्मजा दुपारी चारच्या सुमाराला जिना चढली. त्र्याहत्तर वर्षांच्या काकू दारातच गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“कोण गं? सातपुत्याची पद्मी व्हय? केवढी झालीस! ये की आत. पायताण तिथं कडेला लाव.”

पद्मजाने पायताण कडेला लावलं, वाकून काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच राहिली. काकू घाबरल्या. “अगं, अगं, काय झालं? घरात सगळी बरी हाईत न्हवं?”

“सगळी बरी आहेत काकू. मला एक विचारायचंय. ‘तुफान पथक’ आठवतं?”

काकूंचा हात सुपात थांबला. चेहरा पार उतरला. “कुणी सांगितलं तुला?” त्या म्हणाल्या. “आता म्हातारपणी त्याचं काय काढलंस बाई? चुकलं माझं.”

“काय चुकलं?”

“लाइट गेली, तुम्ही अकरा जणं भोकाड पसरून रडाया लागलासा. तू तर जमिनीवर लोळत हुतीस. सासूबाई म्हणाल्या, हाकला ह्या कारट्यांस्नी. मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, रडू नका, फुडचं मला ठावं हाय, पेपरात छापून आलंय.”

“आलं होतं?”

“कुठलं यायला! पेपर मामंजी कुलपात ठेवायचे. मला सुचलं तसं सांगत गेले. तुमची रडणी थांबली. पर सोमवारी ऐकते तर काय, सगळ्या गावात तेच! मास्तरांच्या पोराच्या तोंडात बी तेच.  म्हटलं कवातरी खरं कळंल, मंग समदी म्हंतील, तारळेकराच्या सुनंनं पोरांस्नी फसवलं. लई वर्सं भ्याले मी, पद्मे.”

“पण शलाकाच का काकू? तिला तर काही काम नसायचं.”

“मेजरला बांधून घातलेला. मोकळं दुसरं हुतं कोण?” काकू व्यवहारी सुरात म्हणाल्या. मग गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकत म्हणाल्या, “आनि दर रविवारी ती आपली जीपजवळ उभीच. मी हिकडं दारात उभी. म्हटलं एकदा तिला जाऊ दे तरी खाली.”

“आणि तो उलटा फेरा?”

“ते माझ्या म्हायेरच्या आबांचं. आबा जॉबर हुते, अडलेला माग दुरुस्त करायचे. बारा वर्सांची असताना मी एकटी माग सोडवायची. हितं आल्यावर मागाच्या खोलीत पाय ठेवायची सोय न्हवती.”

पद्मजाने त्यांच्या हातातलं सूप काढून खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. कॉलेज, नोकरी, वाळवंड धरण, जळालेली मोटर, हटून बसलेलं चाक आणि ती जे ओरडली ते शब्द. “अकरा गावं होती काकू. बायका, पोरं, गुरं. ती तुमच्यामुळे वाचली. मी आजवर भलत्याचंच नाव घेत होते. मला माफ करा. आणि तुम्ही नसता, तर मी कांड्या भरत राहिले असते.”

 काकूंनी पदराने डोळे टिपले, नाक पुसलं, पुन्हा डोळे टिपले. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं.

“म्हंजे टीव्हीवर तसं न्हवतंच?”

“नव्हतं.”

“मी बी कधी बघितलं न्हाई गं. कुणाला इचारायची तर चोरी. खरं काय झालतं शेवटी?”

 येताना गाडीत पद्मजाने याचंच उत्तर जुळवलं होतं. सांगायचं, जवळजवळ तुम्ही सांगितलंत तसंच होतं. म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल. पण समोर काकू चष्मा सावरून, मान पुढे काढून तिच्याकडे पाहत होत्या, एकोणपन्नास वर्षं थांबलेल्या माणसासारख्या. या बाईला फसवणं तिच्याच्याने होईना.

“मेजरने दरवाजावर गोळी झाडली,” ती म्हणाली. “आणि दरवाजा उघडला.”

“गोळी? लोखंडाच्या दरवाजाला?”

“हो.”

“आनि शलाका?”

“तिने मेजरच्या हाताला पट्टी बांधली आणि म्हणाली, मेजर, संदेश आलाय.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. पद्मजाला वाटलं, त्या रडताहेत. पण खांदे गदगदा हलत होते आणि पदराआडून आवाज फुटला तो हसण्याचा. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, पद्मजाने पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं, तरी हसणं थांबेना.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. “अगं एवढ्यासाठी मी जल्मभर भ्याले? मंग माझंच बरं हुतं की!”

“तुमचंच बरं होतं काकू. शंभर पटीनं.”

काकू शांत झाल्या. खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग जरा लाजतच म्हणाल्या, “तुला म्हणून सांगते. फुडच्या रविवारचं बी जुळवून ठेवलतं मी. शलाका वर येती ती मेजरकडं जातच न्हाई. जीप घेती आनि निघती. आठ दिवस सैपाक करता करता समदं डोक्यात लावलं हुतं. पर मालिका संपली, तुम्ही कुणी आलाच न्हाईसा. फुडं काय झालं, कुणी इचारलंच न्हाई.”

पद्मजाने पर्स बाजूला सारली. साडी आवरून ती जमिनीवर मांडी घालून बसली.

“जीप घेऊन निघाली,” ती म्हणाली. “मग कुठं गेली?”